एकटीपुरती होडी

काल्हेरच्या गोदूबाईचं माहेर अगदी समोर होतं. खाडीच्या या काठाला काल्हेर, त्या काठाला कोलशेत. हिवाळ्यात वारा बरोबर असला की माहेरच्या देवळातली घंटा सासरच्या ओटीवर ऐकू यायची. भाताला पाणी घालता घालता तिचा हात थांबायचा आणि सासू म्हणायची, "ऐकलीस ना? आता चल कामाला."

बासष्ट साली, सोळाव्या वर्षी, ती केसरीनाथाशी लग्न होऊन आली ती होडीतूनच. पुढे वर्षातून दोन-तीनदा माहेरी जायचं तेही होडीतूनच. बाप रामू भरतीचा अंदाज धरून न्यायला यायचा. गुडघाभर चिखल तुडवून, तिवरांच्या मुळ्या चुकवून ती होडीत चढायची. काठ मागे पडला, माणसं ओळखू येईनाशी झाली की डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकायची. बाप वल्ही तिच्या हातात द्यायचा आणि स्वतः विडी पेटवून बसायचा. लग्नाआधी त्यानेच तिला वल्हवायला शिकवलं होतं, घरात मुलगा नव्हता म्हणून.

तो अर्धा तास गोदूबाईचा स्वतःचा असायचा. मागच्या काठावर ती सून होती, पुढच्या काठावर लेक. मधल्या पाण्यात तिला कुणी हाक मारणारं नव्हतं. उगाच ती होडी जराशी वर घेऊन जायची, मग प्रवाहाबरोबर खाली यायची. बाप विचारायचा, "दमलीस?" ती मान हलवायची. दमली म्हटलं असतं तर त्याने वल्ही घेतली असती.

मग बाप गेला. होडी चिखलात रुतून कुजली. कशेळीच्या पुलावरून रिक्षा सुरू झाल्या. काल्हेरच्या शेतांत भराव पडला, त्यावर गोडाऊनं उभी राहिली. केसरीनाथ होता तोवर त्याने थोडी भातजमीन राखली होती; तो गेल्यावर मुलगा धनेश याने तिथेही गाळे बांधले. धनेशचे स्वतःचे टेम्पो होते. धामणकर नाक्याजवळ त्याचं छोटं ऑफिस होतं. घरी दुमजली बंगला, दारात पांढरी गाडी. गोदूबाईला कशाची वाण नव्हती. कोलशेतला तिची थोरली बहीण होती, आक्का. आक्काला गावातच दिलेलं, त्यामुळे माहेर म्हणजे आता आक्काच. धनेशचा ड्रायव्हर गोदूबाईला गाडीत बसवायचा आणि रस्ता मोकळा असला तर वीस मिनिटांत आक्काच्या दारात सोडायचा.

"पोचलीस पन?" आक्का विचारायची. गोदूबाई म्हणायची, "पोचली." आणि तिला वाटायचं, आपण निघालोच नव्हतो.

दुपारचं जेवण झालं की ती गोडाऊनच्या गल्लीतून चालत शेवटपर्यंत जायची. तिथे बांध होता, पलीकडे तिवरं, त्यापलीकडे खाडी. बांधावर घटकाभर बसून परत यायची. घरच्यांना वाटायचं, डॉक्टरने चालायला सांगितलंय म्हणून आई चालते.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर त्याच गल्लीतला शेवटचा गाळा धनेशने कुमार पाठारे नावाच्या माणसाला भाड्याने दिला. दाराला पाटी नव्हती. आतून कसलासा उग्र वास यायचा, डोळ्यांत झोंबणारा. एका दुपारी शटर अर्धं वर होतं. गोदूबाईने वाकून पाहिलं आणि ती तशीच वाकलेली राहिली.

आत लाकडी घोड्यांवर होड्या ठेवल्या होत्या. लाल, पांढऱ्या, निळ्या. लांबट, निमुळत्या, भाताच्या लोंबीसारख्या हलक्या. पंचेचाळिशीचा एक माणूस तोंडाला फडकं बांधून एका होडीच्या पोटावर कागद घासत होता.

"कोनाच्या रे होऱ्या या?"

कुमारने फडकं खाली ओढलं. मालकाची आई आहे हे त्याला माहीत होतं. "माझ्याच आहेत, मावशी. मी बनवतो. फायबरच्या. ही कयाक, हिला दोन्हीकडून पातं असलेलं वल्हं लागतं. ही कनू, हिला एकच पातं."

"मासं पकराला?"

"नाही. नुसतं फिरायला. लोणावळ्याची, अलिबागची हॉटेलं घेतात. थोडी हौशी माणसंही येतात."

"नुसता फिराला," गोदूबाई पुन्हा म्हणाली. तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं होतं की पाण्यावर नुसतं फिरायला जाता येतं आणि त्यासाठी वेगळी होडी मिळते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. कुमारने तिच्यासाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची दाराशी आणून ठेवली. तो मूळचा पुण्याचा. कॉलेजात असताना नदीवर शर्यती वल्हवलेल्या, मग बारा वर्षं फायबरच्या कारखान्यात सुपरवायझर. नोकरी सोडून हे सुरू केलं होतं. महिन्याला एक होडी व्हायची, फार तर दोन. साच्यात काचेच्या धाग्याचं कापड पसरायचं, त्यावर राळ ओतायची, रोलरने दाबायचं, वाळलं की पुढचा थर. सगळं तो स्वतःच्या हातांनी करायचा.

पंधराएक दिवस ती नुसती बघत बसली. मग एके दिवशी म्हणाली, "मना एक पायजे."

"कुणासाठी, मावशी?"

"मना बोल्ले ना. माझ्यासाठी."

कुमार हसला नाही. त्याने हात पुसले, वही काढली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा ते विचारायला लागला. वजन किती? गुडघे दुखतात का? पोहता येतं? पाणी कुठलं, उघडं की आडोशाचं? एकट्याने जाणार की बरोबर कुणी बसणार?

"एकटी," गोदूबाई ताठ होऊन म्हणाली. "बरोबर कोन न्हाय."

"जायचं कुठे?"

तिने बांधापलीकडे बोट दाखवलं.

"इथे ओढ फार आहे," कुमार म्हणाला.

त्यावर गोदूबाईने त्याला खाडी समजावून सांगितली. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा पाण्याला हात लावायचा नाही. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाणी गरीब असतं. भरती पुरी चढली की पाणी घडीभर थांबतं, तेवढ्यात निघायचं. वरच्या अंगाने तोंड धरायचं, म्हणजे खाली ओढलं तरी नेमकं कोलशेतच्या उतारावर लागतं. चाळीस वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सगळं तोंडात तयार होतं. कुमारने वहीत लिहून घेतलं.

त्याने तिला कयाकमध्ये बसवून पाहिलं. त्या बंद पोटात पाय सरळ घालून बसायला तिला जमेना. लुगड्याचा काष्टाही आड येत होता. मग त्याने एक उघडी कनू दाखवली, निळी, मध्ये ठेंगणी बैठक. गोदूबाई होडीभोवती एक फेरी मारून आली. बाजारात मडकं घेताना वाजवतात तसं बोटाच्या पेराने जागोजागी वाजवत गेली. पुढच्या टोकापासून हातभर अंतरावर थांबली. पुन्हा वाजवलं.

"हिकरं पोकल हाय."

कुमारने कान लावला. नाण्याने ठोकून पाहिलं. थरांमध्ये हवा राहिली होती, तळहाताएवढ्या जागेत. रंगाखाली काही दिसत नव्हतं. 

"दुरुस्त करून देता येईल," तो म्हणाला, "पण ही तुम्हाला देणार नाही. नवी करतो. दीड महिना लागेल. रंग सांगा."

"हलदीसारका," गोदूबाई म्हणाली.

सोळाव्या वर्षी बापाच्या होडीची वाट बघायची, तसा तो दीड महिना तिला लांब वाटला. रोज जाऊन साच्यात डोकावायची. कधीकधी कुमार रोलर तिच्या हातात द्यायचा. घरी गेल्यावर लुगड्याला राळेचा वास यायचा. त्या वासावरून धनेशला कळलं.

"आई, तू होडी घेतेस?" जेवताना त्याने विचारलं. सून क्षितिजा वाढता वाढता थांबली.

"हां."

"खाडीचं पाणी बघितलंस का हल्ली? भिवंडीतल्या डाइंगच्या कारखान्यांचा रंग येतो त्यात. रेतीवाल्यांनी तळाशी खड्डे पाडलेत, भोवरे होतात. आणि तुला आक्कामावशीकडे जायचंच असेल तर गाडी आहे ना. रोज जा. वीस मिनिटांत पोचशील."

"वीस मिंटांत पोचते, तेच तर," ती म्हणाली आणि पुढचं तिला बोलता येईना. मधल्या पाण्याचं तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. लेकाला काय सांगणार? तिने ताटातला भात कालवला. थोड्या वेळाने म्हणाली, "तुज्या बापाने मना कंदी विचारला न्हाय, मना काय पायजे. तो वाईट नव्हता. त्याला सुचला न्हाय. आता मीच मना विचारला."

धनेश दुसऱ्या दिवशी गाळ्यावर गेला आणि कुमारला म्हणाला, "माझ्या आईला काही झालं तर बघ." कुमार म्हणाला, "पाण्यात पडून दाखवल्याशिवाय मी कुणालाच होडी विकत नाही. तुम्हीही या बघायला."

शेलारजवळ एका ओळखीच्या माणसाचं तळं होतं. पिवळी कनू टेम्पोवर बांधून तिथे नेली. लुगड्यावर नारिंगी जाकीट चढवलेली गोदूबाई बघायला काठावर दहा-बारा माणसं जमली. होडी अतिशय हलकी होती. बापाची लाकडी होडी म्हशीसारखी, ढकललं तरी हलायची नाही; ही शेळीच्या करडासारखी पायाखालून निसटू बघत होती. गोदूबाईने पहिलं वल्हं मारलं आणि होडी गर्रकन फिरली. दुसरं मारलं, उलटीकडे फिरली. मग तिने डोळे मिटून घेतले. हातांनी आपलं आपण शोधलं. होडी सरळ गेली.

"आता पडा," कुमार काठावरून ओरडला.

"कं?"

"पडल्यावर काय करायचं ते आलं पाहिजे. पडा!"

एकसष्ट वर्षांची गोदूबाई नाक धरून मुद्दाम पाण्यात पडली. वर आली, होडीला लटकली, पाय मारत काठाकडे आली. तीन वेळा. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा ती रडत होती की हसत होती ते धनेशला कळलं नाही. त्याने पुढे होऊन तिला हात दिला. त्याचे बूट चिखलात गेले. परत येताना गाडीत तो इतकंच म्हणाला, "एकटी जायचं नाही पहिल्यांदा. कुमारला बरोबर घे."

माघातल्या अष्टमीला, सकाळी साडेआठच्या भरतीला दोघं निघाले. पुढे गोदूबाई, हाताच्या अंतरावर कुमार आपल्या कयाकमध्ये. पाण्याला वास होता. जलपर्णीचे पुंजके आणि थर्माकोलचे तुकडे वाहत होते. एका रेतीच्या बोटीवरचा कामगार कमरेवर हात ठेवून ओरडला, "अरे अम्मा, किधर चली?"

"मायके!" गोदूबाई ओरडली.

मध्यावर आल्यावर तिने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. पाणी थांबलेलं होतं. कोलशेतच्या अंगाला उंच इमारती उठल्या होत्या, काल्हेरच्या अंगाला पत्र्यांच्या लांबच लांब रांगा. दोन्हीकडे तिच्या ओळखीचं एक झाड उरलं नव्हतं. बाप समोर विडी ओढत बसलेला नव्हता. पण हाक मारणारंही कुणी नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला. कुमारला काय समजलं कोण जाणे. तो कयाक जरा लांब घेऊन गेला आणि तिच्याकडे पाठ करून थांबला.

जुना उतार आता राहिला नव्हता. गणपती विसर्जनासाठी बांधलेल्या घाटाच्या पायऱ्या होत्या, तिथे त्यांनी होड्या लावल्या. आक्का काठी टेकत खालच्या पायरीपर्यंत आली होती. अडुसष्ट वर्षांची, पाठीत वाकलेली. गोदूबाईने आदल्या दिवशी फोन केला होता, पण आक्काचा विश्वास बसला नव्हता.

"गोदू, तू आलीस गो! बाबासारकी आलीस!" तिने होडीच्या कडेवरून हात फिरवला. पुन्हा पुन्हा फिरवला. मग एकदम लहान पोरीसारखी म्हणाली, "मना बसव."

गोदूबाईने कुमारकडे पाहिलं. कुमारने मान हलवली.

"मध्यापर्यंत चल नुसती. गोदू, बाबा तुलाच वल्ही द्यायचा. मना न्हाय द्यायचा. मी इतंच राह्यली, मना कवा होरीत बसायचा कामच परला न्हाय. एक डाव बसव."

गोदूबाईला हे कधी ठाऊकच नव्हतं. आक्का माहेरातच राहिली म्हणून ती आयुष्यभर तिचा हेवा करत आली होती. आपल्याला जावं लागलं, तिला जावं लागलं नाही. आणि आक्का या काठावर उभी राहून दर वेळी तिला पाण्यावरून येताना-जाताना पाहत होती.

"ही एकटीपुरती हाय गो," ती होडीत बसूनच हळूच म्हणाली.

आक्काने तरीही एक पाय उचलून आत ठेवला. होडी कलली. कुमारने झटकन धरली नसती तर दोघी पाण्यात पडल्या असत्या. आक्काने पाय काढून घेतला, पायरीवर बसली आणि ओलं झालेलं लुगडं पिळत राहिली.

"असू दे," ती म्हणाली. "मी बोल्ले आपली."

त्याच दुपारी गोदूबाई गाळ्यावर जाऊन उभी राहिली. "दोगींची होरी दे. ही परत घे."

"नाही देणार, मावशी."

"कं न्हाय? हाटेलवाल्यांना देतोस ना?"

"दोघींची होडी वजनाला दीडपट. तुम्ही एकट्या वल्हवणार, पुढे आक्का, त्यांना पोहता येत नाही. परत येताना ओहोटी लागली तर तुमच्या हातांत ती ओढायचं बळ नाही. तळ्यावर देईन. या खाडीवर देणार नाही. दुसरीकडून आणलीत तर माझा इलाज नाही, पण मी विकणार नाही."

"मी मालकाची आई हाय," ती म्हणाली. असं ती त्याला पूर्वी कधी म्हणाली नव्हती.

"माहीत आहे."

आठ दिवस ती गाळ्याकडे फिरकली नाही. होडी तिथेच घोड्यावर होती. आपल्याच हातांना तिने नीट पाहिलं. मनगटावरच्या शिरा, भाकरीचं पीठ मळतानाही दुखणारे खांदे. विचारणाऱ्याने विचारलं होतं, बरोबर कुणी बसणार का, आणि तिने ताठ मानेने उत्तर दिलं होतं. वीस वर्षांपूर्वी विचारलं असतं तर? तेव्हा कुणी विकायला बसलं नव्हतं. बापाच्या होडीत तर दहा माणसं मावायची, आणि तिला एकदाही सुचलं नाही की बहिणीला म्हणावं, चल.

नवव्या दिवशी ती गेली. कुमारने खुर्ची पुसून दिली.  त्याने तिच्या वल्ह्याची मूठ जराशी बारीक करून दिली, तिच्या पकडीप्रमाणे.

त्यानंतर दोन हिवाळे गोदूबाई कोलशेतला होडीने जात राहिली. भांगाच्या दिवसांत, पंधरवड्यातून एकदा, कधी दोनदा. कुमार पहिल्या काही खेपांना बरोबर आला, मग बांधावरून बघत राहिला. मग कधी त्याच्या जागी धनेश उभा असायचा, फोनवर बोलत, पण नजर पाण्यावर. दोन हजार आठ साली गाळ्यांचं भाडं वाढवायचं ठरलं तेव्हा धनेशने शेवटच्या गाळ्याचं वाढवलं नाही. 

कोलशेतच्या घाटावर पोचल्यावर गोदूबाई उतरत नाही. होडीतच बसून राहते. आक्का खालच्या पायरीवर बसते, पाय पाण्यापासून वीतभर वर. एक हात होडीच्या कडेवर. गोदूबाई वालाच्या शेंगा आणते, आक्का सुके बोंबील कागदात बांधून देते. गावातल्या मयतांची, लग्नांची, कुणाची जमीन गेली आणि कुणाच्या इमारतीचं काम अडलं याची बोलणी होतात. आक्का आता होडीत बसायचं नाव काढत नाही. फक्त तिचा हात कडेवरून निघत नाही. लाट आली, होडी वर-खाली झाली की हातही वर-खाली होतो, आणि तेवढ्यापुरती ती बोलायची थांबते.

निघायची वेळ झाली की गोदूबाईला एक गोष्ट जड जाते. बापाच्या होडीत वल्हवणाऱ्याचं तोंड सोडलेल्या काठाकडे असायचं. कोलशेत लहान लहान होत जाताना ती शेवटपर्यंत बघायची. या होडीत पुढे बघावं लागतं. आक्का पाठीमागे राहते. पहिल्या दिवशी मान वळवून बघायला गेली तर होडी डुचमळली आणि कुमार ओरडला. तेव्हापासून ती दहा-बारा वल्ही मारते आणि सगळी होडीच फिरवून कोलशेतकडे तोंड करून थांबते.

आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनला ती तयार होत नाही. "तू दिसत न्हायस," ती एकदा म्हणाली, "पिवला रंग तेवरा दिसतो." आणि तो पिवळा दिसत असेपर्यंत ती पायऱ्या चढत नाही. गोदूबाई तिकडे थांबून बघते, ही कधी चढते म्हणून. आक्का काठीवर दोन्ही हात ठेवून उभी, ही कधी जाते म्हणून. दोघीही हलत नाहीत. मग ओहोटी लागते, होडी आपोआप खाली सरकायला लागते, आणि गोदूबाईला वल्हं पाण्यात घालावंच लागतं.